घरातल्या जुन्या व्हीसीडी-डीव्हीडी सर्व्हरवर चढवायच्यात? आधी लॉक कुठे आहे ते बघा

इंदूरच्या मराठी घरांतला सीड्यांचा साठा पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा असतो, आणि हे कौतुकानं नाही सांगत, पुढच्या कामाशी त्याचा संबंध आहे. इकडे मराठी सिनेमा लागला तर एखादा शो, नाटक म्हणजे सानंद या इथल्या संस्थेचा प्रयोग असेल तेव्हा, म्हणून आपल्या आई-बाबांच्या पिढीनं काय केलं तर पुण्याला लग्नकार्याला गेले की येताना पिशवी भरून नाटकांच्या, कीर्तनांच्या, मैफलींच्या व्हीसीडी आणल्या. त्यातलं पुष्कळसं आज कुठल्याही ओटीटीवर सापडत नाही. त्यात घरच्या लग्नाच्या, मुंजीच्या, साठीशांतीच्या डीव्हीडी, शूटिंगवाल्यानं चकचकीत कव्हरात घालून दिलेल्या. आणि आता प्लेअर बिघडलाय, नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो.

ओळखीतले बरेच जण विचारतात की हे सगळं एका डब्यात भरून टीव्हीवर रिमोटनं कसं लावायचं. मी हे सगळं करून बसलोय, म्हणून एकदाच नीट लिहितो. सर्व्हर, म्हणजे या फाईली टीव्हीला पुरवणारा घरातलाच पीसी, बसवणं एका दुपारचं काम आहे, त्याला घाबरू नका. वेळ खातं ते डिस्कमधून माल बाहेर काढणं, आणि तिथे लोक जेल रोडवरून ड्राइव्ह आणतात, हार्ड डिस्क आणतात, आणि मग कळतं की अर्ध्या डिस्क कॉपीच होत नाहीयेत. तर खर्च करायच्या आधी पहिले तीन मुद्दे वाचा.

१. काय काय लागेल

- एक जुना डेस्कटॉप किंवा लॅपटॉप. इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा पुढचा आय-३ असेल तर फारच छान, त्यात व्हिडिओचा फॉरमॅट बदलायचं काम प्रोसेसरमधलं ग्राफिक्सच करतं. ८ जीबी रॅम पुरे. स्क्रीन फुटलेला लॅपटॉपसुद्धा चालतो.
- डीव्हीडी ड्राइव्ह, शक्यतो दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. का ते पुढे सांगतो. जुन्या पीसीतला काढून ठेवलेला असेल तर फेकू नका, तो बऱ्याचदा नव्या बारीक यूएसबी ड्राइव्हपेक्षा चांगला वाचतो.
- दोन हार्ड डिस्क, सारख्या साइझच्या. एक कामाची, एक बॅकअपची.
- यूपीएस, लॅन केबल, मऊ सुती कापड, डिस्कवर लिहायचा पेन.
- डिस्कची मूळ कव्हरं, आणि सापडलं तर बिल. हे का, ते कायद्याच्या मुद्द्यात येईल.

जागेचा हिशोब सोपा आहे. व्हीसीडी ७००-८०० एमबी, सिनेमा दोन डिस्कवर, नाटक कधी तीन डिस्कवर. डीव्हीडी सिंगल लेयर ४.७ जीबी, डबल लेयर ८.५ जीबी. म्हणजे शंभर डीव्हीडी जशाच्या तशा ठेवल्या तरी ८५० जीबीच्या वर जात नाही. २ टीबीची डिस्क बहुतेक घरांना पुरते, उगाच ८ टीबी घेऊ नका. ब्लू-रे असतील तर गणित बदलतं, तिथे एक डिस्क २५ किंवा ५० जीबीची असते.

एक सांगून ठेवतो. सिल्व्हर मॉलमधून घ्या नाहीतर ऑनलाइन, पण "भिया, दो टीबी का पेन ड्राइव्ह, सिर्फ पाँच सौ में" असं कोणी म्हटलं तर तिथून निघा. ते आतून ३२ किंवा ६४ जीबीचं असतं, साइझ खोटी दाखवतं, आणि भरत गेलं की आधीचा डेटा गप्प खाऊन टाकतं. कुठलीही नवी ड्राइव्ह आणली की एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून पूर्ण भरून तपासा. रात्रभर लागते, लागू द्या.

२. ढीग करा, आणि लॉक नेमकं कुठे असतं ते समजून घ्या

सगळ्या डिस्क जमिनीवर काढा आणि चार ढीग करा: विकतच्या व्हीसीडी, घरच्या राइट केलेल्या सीडी-डीव्हीडी, विकतच्या डीव्हीडी, आणि असतील तर ब्लू-रे. हे ढीग विषयाप्रमाणे किंवा भाषेप्रमाणे करू नका, कारण प्रत्येक प्रकाराचं लॉक, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून घातलेला अडथळा, वेगळ्या जागी असतं आणि तुमचं निम्मं काम त्यावर ठरतं.

व्हीसीडीला लॉकच नाही. त्या फॉरमॅटमध्ये ती सोयच ठेवलेली नव्हती. म्हणजे ज्या गोष्टी आपल्याला सगळ्यात प्रिय आणि दुसरीकडे न मिळणाऱ्या, नेमक्या त्याच मोकळ्या आहेत. घरच्या लग्न-मुंजीच्या डिस्कलाही लॉक नाही, तिथे शत्रू वेगळा आहे, तो म्हणजे वय.

विकतच्या डीव्हीडीवर सीएसएस नावाचं लॉक असू शकतं. त्याची चावी फक्त ४० बिटांची, आणि ऑक्टोबर १९९९ मध्येच ते मोडलं गेलं, त्यात नॉर्वेच्या यॉन लेख योहान्सन या पोराचं नाव गाजलं, खटला झाला, आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. आपल्या कामाचा भाग एवढाच की हे लॉक फाईलमध्ये नुसतं बसलेलं नसतं, चाव्यांचा एक भाग डिस्कच्या अगदी आतल्या कडेच्या पट्ट्यात असतो जो साध्या कॉपीत येतच नाही. म्हणून फोल्डर उचलून हार्ड डिस्कवर टाकलं की एकतर कॉपी मध्येच अडते किंवा झाली तरी चालवल्यावर हिरवे-गुलाबी चौकोन दिसतात. लोकांना वाटतं डिस्क खराब आहे. डिस्क ठणठणीत असते.

पण सगळ्या विकतच्या डीव्हीडी लॉक नसतात हेही लक्षात ठेवा. २००७ मध्ये मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी काढली तेव्हापासून स्वस्त डिस्कचा पूर आला होता, आणि त्या काळच्या स्वस्त डीव्हीडींमध्ये बिनलॉकच्याही निघतात. कव्हर बघून कळत नाही, तपासायला लागतं. डिस्क उघडा, व्हिडिओ टीएस फोल्डरमधली साधारण १ जीबीची मोठी व्हीओबी, म्हणजे व्हिडिओची फाईल कॉपी करा, व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये लावा. स्वच्छ चालली तर लॉक नाही. छोटी फाईल घेऊन तपासू नका, ती मेनूची असते आणि मेनू बऱ्याचदा लॉक केलेलाच नसतो, त्यामुळे फसगत होते. आणि मूळ डिस्क ड्राइव्हमध्ये ठेवून व्हीएलसीत चालली यावरून लॉक नाही असं समजू नका, व्हीएलसीकडे लॉकवाली डिस्क चालवायची स्वतःची लायब्ररी आहे.

दुसरं लॉक नुसतं डिस्कवर नसतं, ड्राइव्हमध्येही असतं: रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी त्याचा नंबर. भारत रीजन ५, अमेरिका १, युरोप २. इकडच्या बऱ्याच डिस्क ऑल रीजन असतात, पण अमेरिकेतल्या मावशीनं आणलेल्या नसतात. अशी डिस्क घातली की विंडोज विचारतं, रीजन बदलायचा का. इथे हात आवरा. ड्राइव्हचा रीजन एकूण फक्त ५ वेळा बदलता येतो, तो आकडा ड्राइव्हच्या आत साठतो, विंडोज नव्यानं टाकून किंवा दुसऱ्या पीसीला लावून तो परत मिळत नाही, आणि पाचव्यांदा जे ठेवलं तेच कायमचं. परदेशी डिस्क दोन-चारच असतील तर त्यांच्यासाठी जुनाट दुसरा ड्राइव्ह वेगळा ठेवा आणि मुख्य ड्राइव्हला ५ वरच राहू द्या.

तिसरा प्रकार चावटपणाचा आहे. काही कंपन्या डिस्कवर मुद्दाम खराब सेक्टर (माहितीचे छोटे तुकडे) घालायच्या, सोनीच्या आर्कॉस नावाच्या पद्धतीत हेच होतं. प्लेअर त्या जागी जातच नाही कारण त्याला रस्ता ठरवून दिलेला असतो, पण कॉपी करणारं सॉफ्टवेअर शिस्तीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जातं आणि तिथे अडकतं. काही डिस्कवर ९९ टायटल (वेगवेगळे व्हिडिओ) दाखवतात, त्यातलं एकच खरं. असं दिसलं की डिस्क घासत बसू नका, ओरखडा नाहीये तो.

मग लोक डोकं लावतात की प्लेअरच्या वायरी कॅप्चर कार्डात, म्हणजे प्लेअरचं चित्र पीसीत रेकॉर्ड करणाऱ्या कार्डात घालू. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीवर मॅक्रोव्हिजन नावाचं लॉक असतं, रेकॉर्डिंग आपोआप उजळ-काळं होत राहतं. एचडीएमआयवर एचडीसीपी नावाचं लॉक असतं, तिथे कार्डाला काळा पडदाच मिळतो. यात पैसे घालू नका.

ब्लू-रेचं थोडक्यात, कारण आपल्याकडे फार कमी घरात आहेत. तिथे एएसीएस नावाचं लॉक, काहींवर बीडी प्लस नावाचं अजून एक, आणि रीजनसुद्धा वेगळे, भारत सी मध्ये येतो. ४के ब्लू-रे पीसीवर अधिकृतपणे चालवायलाच इंटेलचं एसजीएक्स (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) लागायचं, ते इंटेलनं ११ व्या पिढीपासून डेस्कटॉप प्रोसेसरमधून काढूनच टाकलं, म्हणजे नवीन पीसी घेतला तर ४के डिस्क चालायची शक्यता उलट कमी झाली. त्यामुळे ४केसाठी सरळ प्लेअर घ्या, पीसीचा नाद सोडा.

आणि सिनाव्हिया. हे सगळ्यात विचित्र, कारण ते चित्रात नाही, फाईलमध्ये नाही, आवाजात असतं. कानाला ऐकू न येणारी खूण साउंडट्रॅकमध्येच मिसळलेली असते, फॉरमॅट बदला, दाबून लहान करा, थेटरात माइक लावून रेकॉर्ड करा, ती तशीच राहते. फेब्रुवारी २०१२ पासून लायसन्सवाल्या ब्लू-रे प्लेअरना ही खूण ओळखणं सक्तीचं झालं. अशी फाईल पेन ड्राइव्हवर टाकून ब्लू-रे प्लेअरला लावली की साधारण वीसेक मिनिटं मस्त चालते आणि मग आवाज बंद, स्क्रीनवर मेसेज आणि कोड. लोक स्पीकर बदलतात, केबल बदलतात, टीव्हीवाल्याला बोलावतात. बिघाड काही नसतो.

३. कायदा, पाच मिनिटं द्याच

मी वकील नाही, पण कलमं वाचली आहेत आणि तुम्हीही वाचा, मोठी नाहीत. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५ए हे कलम आलं. त्यात म्हटलंय की कायद्यानं दिलेले हक्क मोडायच्या हेतूनं लॉक तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू हा शब्द तिथे आहे, आणि त्याच कलमात पुढे असंही आहे की कायद्यानं स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी केलं तर या कलमाची आडकाठी नाही. दुसरीकडे कलम ५२ मध्ये खाजगी, स्वतःच्या वापरासाठी फेअर डीलिंगला, म्हणजे वाजवी वापराला, जागा दिलेली आहे. आपली विकत घेतलेली डिस्क, आपल्याच घरातला टीव्ही, हे त्यात बसतं असं मानणारे पुष्कळ आहेत, पण मी त्यावर शिक्का मारणारा कोण.

अमेरिकेतला भाऊ काहीतरी वेगळंच सांगेल, कारण तिकडे १९९८ चा डीएमसीए हा कायदा आहे आणि तो लॉक तोडण्यालाच धरतो, पुढे कॉपीचं काय केलं ही वेगळी गोष्ट. त्याचा सल्ला तिकडे बरोबर, इकडे जशाचा तसा लावू नका.

६५ए मध्ये अजून एक ओळ आहे जी कोणी वाचत नाही. दुसऱ्याला लॉक काढून देणाऱ्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता, कारण, सगळी नोंद ठेवायची आहे. म्हणून मी इथे लॉक काढायच्या सॉफ्टवेअरची यादी देत नाहीये, आणि म्हणूनच "दे दो भिया, सब पेन ड्राइव्ह में डाल देंगे" म्हणणाऱ्या दुकानात विकतच्या डिस्क देऊ नका. तो नोंद ठेवत नाही, आणि तुमच्या डिस्कची एक कॉपी त्याच्याकडेही राहते.

काय करायचं नाही ते मात्र स्पष्ट आहे: कॉपी विकायची नाही, सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची नाही, भाड्यानं आणलेल्या किंवा शेजाऱ्याच्या डिस्कची करायची नाही, आणि कॉपी ठेवून मूळ डिस्क विकायची नाही. मूळ डिस्क आणि कव्हर जपून ठेवा, तुमची खरेदी दाखवायला तेच आहे.

हा वाद किती ताणला जाऊ शकतो बघायचं असेल तर कॅलायडस्केप या अमेरिकन कंपनीची गोष्ट बघा. श्रीमंतांच्या बंगल्यात बसणारे मूव्ही सर्व्हर बनवायची, डीव्हीडीचं रीतसर लायसन्स घेतलेलं, कॉपी लॉकसकट ठेवायची. तरी डीव्हीडी लॉकचं लायसन्स देणाऱ्या संघटनेनं २००४ मध्ये केस टाकली, कारण त्यांचं म्हणणं की चालवताना डिस्क मशीनमध्ये हजर पाहिजे. २००७ मध्ये कंपनी जिंकली, २००९ मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला, आणि २०१४ मध्ये तडजोड झाली. ब्लू-रेच्या वेळी तर कंपनीनं डिस्क ठेवायची वेगळी पेटीच बनवली, डिस्क पेटीत असेल तरच तिची कॉपी चालणार. इतके पैसे टाकून, लायसन्स घेऊन ही गत, तर बाजारात "सब डिस्क कॉपी हो जाएगी" म्हणणाऱ्या तयार मशीनवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही बघा.

४. सुरुवात घरच्या राइट केलेल्या डिस्कपासून

सिनेमा नंतर. शूटिंगवाल्यानं दिलेली डिस्क छापील नसते, त्यात रंगाच्या थरावर लेझरनं लिहिलेलं असतं आणि तो थर उन्हानं, उकाड्यानं मरतो. इंदूरचा मे महिना, माळ्यावरची पत्र्याची पेटी, आणि पंधरा-वीस वर्षं. अजून वाचतायत हेच नशीब.

साफ करताना कोरडं किंवा अगदी हलकं ओलं मऊ कापड, आणि मधून कडेकडे सरळ. गोल गोल फिरवून पुसू नका, गोल ओरखडा वाचायला सगळ्यात वाईट. टूथपेस्टचे उपाय नकोत. सीडी उलटी-सुलटी दोन्हीकडून सांभाळा, सीडीत माहितीचा थर वरच्या लेबलच्या अगदी खाली असतो, म्हणून वरून खरचटलं तर खेळ खलास. डीव्हीडीत तो मधोमध असतो, दोन्ही बाजूंना ०.६ मिलिमीटर प्लास्टिक. डिस्कवर वधू-वराचा फोटो असलेला कागदी स्टिकर असेल आणि तो सुटत आला असेल तर ओढून काढू नका, सीडी असेल तर थरासकट निघतो.

मग कॉपी. डिस्क चांगली असेल तर फोल्डर नुसतं उचलून हार्ड डिस्कवर टाकलं की झालं. अडकत असेल तर विंडोजच्या कॉपीनं पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, ते एकाच खराब जागी डोकं आपटत राहतं आणि शेवटी सगळंच सोडून देतं. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आहे, तो आधी चांगला भाग पटापट उचलतो, खराब जागा नकाशाच्या फाईलमध्ये लिहून ठेवतो आणि नंतर फक्त तिथेच परत जातो. आता दोन ड्राइव्ह का ते सांगतो: तीच नकाशाची फाईल आणि तीच डिस्क घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर चालवली की पहिल्याला न वाचलेले सेक्टर दुसरा बऱ्याचदा वाचतो. सगळे नाही मिळाले तरी काही हरकत नाही, सप्तपदीत दोन सेकंद चौकोन आले तर आले.

डिस्क रिकामी दाखवत असेल पण मागून बघितलं तर लिहिल्याचा गडद पट्टा दिसतोय, तर ती फायनलाइज, म्हणजे रेकॉर्डिंगनंतर शेवटची नोंद करून बंद केलेली नसते. डीव्हीडी रेकॉर्डरवर थेट केलेल्या डिस्कमध्ये हे होतं. ती फेकू नका, आयसोबस्टरसारख्या सॉफ्टवेअरनं बहुतेक वेळा निघते.

५. व्हीसीडी

लॉक नाही म्हणून सोपं, पण एक गंमत आहे. एमपीईजीएव्ही फोल्डरमध्ये डॅट फाईल असते, ती विंडोजवर कॉपी होते आणि व्हीएलसीत चालते, पण टीव्ही किंवा सर्व्हर तिला नाक मुरडतात. नुसतं नाव बदलून एमपीजी करू नका. व्हीसीडीगिअर नावाचं जुनं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते डॅटमधून खरी एमपीजी काढून देतं, दोन मिनिटांत, क्वालिटी जराही न बदलता. लिनक्सवर डॅट फाईल थेट कॉपीच होत नाही, एरर येते, तिथे व्हीसीडीइमेजरमधलं व्हीसीडीएक्सरिप वापरा.

व्हीसीडीचं चित्र मुळातच ३५२ बाय २८८, आता ४३ इंची टीव्हीवर धुरकट दिसणारच. ते आहे तसंच ठेवा. एआय लावून ४के करून देणारे अ‍ॅप आहेत, ते मी बघितले, नटांचे चेहरे रबरी होतात आणि मागच्या नेपथ्यावर भलतीच नक्षी उगवते. मूळ फाईल नक्की ठेवा, खेळ करायचा तर कॉपीवर करा. नाटकाच्या दोन-तीन डिस्क असतील तर जोडत बसायचीही गरज नाही, अंक एक, अंक दोन अशी नावं द्या, सर्व्हर ओळीनं लावतो.

६. विकतच्या डीव्हीडी

वरची व्हीओबीवाली तपासणी करा. बिनलॉकच्या निघाल्या त्या घरच्या डीव्हीडीसारख्याच. लॉकवाल्या निघाल्या तर कायदा वाचून तुमचं तुम्ही ठरवा, पण आधी एक काम करा: त्या ढिगातलं काय आज रीतसर ऑनलाइन मिळतं ते बघा. गाजलेले हिंदी-मराठी सिनेमे बहुतेक कुठे ना कुठे आहेत, आणि डीव्हीडीपेक्षा चांगल्या प्रिंटमध्ये. त्यासाठी तासन्‌तास घालवण्यात अर्थ नाही.

उरलेल्या लॉकवाल्या डिस्कसाठी एक सोय फार कमी लोकांना माहीत आहे. कोडी या फुकट मीडिया प्लेअरमध्ये डिस्क स्टब असतो. म्हणजे सिनेमाच्या नावाची, व्हिडिओ नसलेली छोटी फाईल ठेवायची, यादीत पोस्टर दिसतं, प्ले दाबलं की डिस्क घाला असं सांगतं, आणि मेसेजमध्ये आपण लिहू शकतो, "हॉलमधलं कपाट, खण २, नंबर १४". यूएसबी ड्राइव्ह टीव्हीजवळ असला की झालं. आमच्याकडे हेच चालतं, आणि आईला हेच जास्त आवडतं कारण कुठली सीडी कुठे आहे हा घरातला जुना वाद मिटला.

७. साइझ कमी करायचा का

जागा असेल तर नका करू. करायचाच तर हँडब्रेक हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, आणि तो स्वतःहून लॉक काढत नाही त्यामुळे लॉकवाल्या डिस्कवर चालला नाही तर त्याला शिव्या देऊ नका. एच-२६४ फॉरमॅट, आरएफ (क्वालिटीचा आकडा, कमी म्हणजे चांगली) १८ ते २२ च्या मध्ये, डीव्हीडीला मी २० ठेवतो.

लग्नाच्या डीव्हीडीला डीइंटरलेस चालू करायचं विसरू नका. जुन्या कॅमेऱ्याचं शूटिंग इंटरलेस, म्हणजे एकाआड एक रेघांत असतं, नाही केलं तर वरातीत नाचणाऱ्या प्रत्येकाच्या कडेला आडव्या रेघा दिसतात, आणि एकदा तशीच दाबून टाकली की त्या रेघा नंतर नीट निघत नाहीत. आणि रुंदी ताणू नका, ४:३ चं ४:३ च राहू द्या, बाजूला काळे पट्टे येऊ देत.

८. सर्व्हर

मी जेलीफिन सांगेन. २०१८ च्या शेवटी एम्बी या सर्व्हर सॉफ्टवेअरमधून फुटून निघालेला प्रोजेक्ट आहे, पूर्ण फुकट, अकाउंट काढायला लागत नाही, इंटरनेट गेलं तरी घरात चालतो. प्लेक्स हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर जास्त गुळगुळीत आहे पण त्याला अकाउंट लागतं आणि काही सोयी पैशाच्या. इन्स्टॉल करा, ब्राउझरमध्ये पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पुढे ८०९६ पोर्ट टाका, पासवर्ड ठेवा, फोल्डर दाखवा.

राउटरमध्ये जाऊन त्या पीसीचा आयपी पक्का करून टाका, नाहीतर लाईट जाऊन आली की टीव्हीला सर्व्हर सापडत नाही आणि घरचे म्हणतात तुझं ते मशीन परत बिघडलं. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे घरातला सर्व्हर इंटरनेटवरून उघडा करणं, मात्र करू नका. पुण्याच्या बहिणीला घरातलं लग्न बघायचं असेल तर पेन ड्राइव्ह पाठवा. सर्व्हर बाहेर उघडला की हॅकिंगची डोकेदुखी आणि वर विकतच्या सिनेमांचं वाटप केल्यासारखं होतं.

लायब्ररी दोन वेगळ्या करा. सिनेमे एका फोल्डरमध्ये, प्रत्येकाचं नाव आणि कंसात वर्ष, म्हणजे पोस्टर आपोआप येतं. नाटकं, कीर्तनं, घरचे कार्यक्रम दुसऱ्यात, आणि त्याचा प्रकार होम व्हिडिओ ठेवा. तसं नाही केलं तर जेलीफिन नाटकाच्या नावावरून नेटवर शोधतो आणि भलत्याच कुठल्यातरी सिनेमाचं पोस्टर चिकटवतो. व्हीसीडीचं कव्हर फोननं नीट फोटो काढून पोस्टर म्हणून टाका, मागची बाजूही, कारण कलाकारांची नावं बऱ्याचदा तिथेच असतात आणि नेटवर कुठे नसतात. फाईलची नावं देवनागरीत चालतात.

टीव्हीवर जेलीफिनचं अ‍ॅप टाका, अँड्रॉइड टीव्हीवर स्टोअरमध्येच मिळतं. चित्र अडखळत असेल तर आधी वाय-फायवर संशय घ्या. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ पलीकडे जात नाही, लॅनची केबल ओढा. मशीन टीव्हीखालच्या बंद शोकेसमध्ये कोंबू नका, मेमध्ये हार्ड डिस्क आत भाजते.

९. बॅकअप

दुसरी हार्ड डिस्क सर्व्हरला कायम लावून ठेवली तर तो बॅकअप नाही, लाईटच्या एका झटक्यात दोन्ही जातात. कॉपी करा, काढा, आणि दुसऱ्या घरी ठेवा, सुदामा नगरवाल्यांनी राजेंद्र नगरच्या नातेवाइकांकडे ठेवली तरी चालेल. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत वगैरे, ती परत आणून लावा, नवीन भर टाका आणि दोन-चार फाईली मधूनच चालवून बघा, नुसतं फोल्डर उघडून नावं दिसली म्हणून समाधान मानू नका. जागा कमी पडत असेल तर बॅकअपमध्ये आधी घरच्या डिस्क, मग नाटकाच्या व्हीसीडी, आणि जे सिनेमे ओटीटीवर मिळतात ते सगळ्यात शेवटी किंवा नाहीच.